ठशाचा ठ

दुपारी दोनला नाना पेठ जरा जांभई देते,
तेव्हा नक्षत्रा दुकानात आली दप्तरासकट,
म्हणाली, बाबा, डिकल करायचंय,
कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

मी म्हटलं, कोरल. अजून काय असतं?
बावीस वर्षं कोरलमध्ये रेडियम कापतोय,
रिक्षांच्या काचा, टेम्पोंची कपाळं,
'हळू जा, घरी ताट वाढलंय',
एका जनावरांच्या डॉक्टरची लाल म्हैस.

गाडीवर नाही, म्हणाली. खांद्यावर.
तिच्या गेममध्ये एक बाई आहे, सात फुटी,
राखाडी चिलखत, नाव नाही, नुसता नंबर.
मैत्रिणींच्या बायकांच्या खांद्यांवर
विंचू आहे, कवटी आहे, एकीच्या तर केकचा तुकडा.
हिचाच खांदा कोरा.

आणि कोरल नको.
का गं?
तुझं चोरीचं आहे.

इलियास प्लॉटरचं ब्लेड बदलत होता,
त्यानं मान वर केली नाही.
बुधवार पेठेतून ऐंशी रुपयांना आणलेली ती सीडी
अजून काउंटरवर आहे.
तिच्यावर आम्ही चहाचा कप ठेवतो.

मग तिनं एकेक दाखवलं.
फोटोशॉपला दर महिन्याला भाडं.
म्हटलं, गाळ्याचं देतोय तेवढं पुरे.
क्रिटात रंग ओला दिसतो,
मला दिगू पेंटरचे डबे आठवले, मी धुतलेले,
आणि खारीच्या केसांचा तो ब्रश
ज्याला हात लावायला मला चार वर्षं लागली.
पण जवळ गेलं की रेघेच्या कडेला जिने.
इंकस्केपमध्ये रेघ म्हणजे रेघ,
दोन ठिपके आणि त्यांच्यामधला ताण,
कितीही मोठी करा, फाटत नाही.
फुकट आहे, म्हणाली, आणि चोरीचं नाही.

फुकट, आणि चोरीचं नाही.
हे वाक्य मी मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं.

रिकामी जागा दाखवायला तिथे
राखाडी-पांढऱ्या चौकटी असतात.
रिकामं आहे हे कळायलाही काहीतरी भरावं लागतं.

रात्री तिनं लिहिलं, नक्षू.
उजव्या खांद्यावर झकास बसलं,
डाव्यावर उलटं.
गेम एकच ठसा घेतो
आणि दुसऱ्या बाजूला आरसा धरतो.
ती रडकुंडीला आली, मला मात्र हसू फुटलं,
कारण हे तर माझंच गाव.
काचेच्या आतून लावायचं अक्षर
आम्ही उलटंच कापत आलोय.

बसलो मुळाक्षरं घेऊन.
म पाठ फिरवतो. भ ओळख देत नाही.
ग दोन पावलं चालतो, पण भलतीकडे.
एकेकानं दगा दिला.
ठनं नाही.
आरशात ठ म्हणजे ठच,
वर रेघ, छोटी दांडी, खाली पुरता गोल.
ठोंबऱ्यांचा ठ.
पहिलीच्या तक्त्यावरचा ठशाचा ठ.
मला शाळेत ढ म्हणायचे.
ढचा गोल पुरा होत नाही,
आतल्या आत वळून बसतो.
हे तिला सांगितलं नाही.

गोल मी काढला, इंकस्केपमध्ये, चार ठिपक्यांत.
तिनं तो क्रिटात नेऊन त्याला गंज चढवला,
पाचशे बारा बाय पाचशे बारा,
मागे काही नाही.
बाई बर्फातून धावली, दोन्ही खांद्यांवर ठ,
आणि पहिल्याच पुलावर मेली.
मग पुन्हा उठली, ठसकट.

सकाळी एक रिक्षावाला आला, मागच्या काचेवर
मुलीचं नाव हवं होतं, आराध्या.
म्हटलं, आज नव्यात कापू.
प्लॉटरला ती भाषा कळेना.
अर्धा तास गेला, रिक्षावाला तंबाखू मळत राहिला,
शेवटी इलियासनं न बोलता कोरल उघडलं.

संध्याकाळी शटर ओढताना
सीडीवरचा कप उचलून बाजूला ठेवला.
खाली चहाचा गोल उमटला होता.
अजून एवढंच झालंय.